आण्याच्या इंजिनाचं माहेर

पंचावन्न-छप्पनच्या सुमारास आमच्या जुन्नर तालुक्यात मोटारी मोजक्या होत्या, पण मोटारींची इंजिनं पुष्कळ होती. हे मी शहरातल्या माणसांना सांगितलं की ती माझ्याकडे संशयाने बघतात, म्हणून आधी खुलासा करतो. मुंबई-पुण्याची गाडी वीसेक वर्षं पळून थकली, छप्पर सडलं, गाद्यांत उंदरांनी घर केलं, की मालक तिला भंगारात काढी. इंजिन मात्र त्या वेळीही ठणठणीत असे. कोणीतरी ते बैलगाडीत घालून आमच्याकडे आणायचा आणि विहिरीवर नाहीतर पिठाच्या गिरणीत बसवायचा. पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की रॉकेलवर सोडायचं. चाकं नाहीत, दिवे नाहीत, भोंगा नाही. पत्र्याखाली दोन ओंडक्यांवर बसून ते उरलेलं आयुष्य पट्टा फिरवत काढायचं.

असं इंजिन बिघडलं की मला निरोप यायचा. जुन्नरच्या स्टँडामागे माझं दुकान होतं. आमचं घराणं कागद करणाऱ्यांचं. त्या धंद्यात राम उरला नाही तेव्हा अब्बांनी मला पंधराव्या वर्षी पुण्याच्या एका गॅरेजात उस्तादांच्या हाताखाली घातलं. तिथं दहा वर्षं शिव्या खाऊन मी मिस्त्री झालो आणि दुसरी मोठी लढाई संपल्यावर गावी परतलो. हमीदमिस्त्री म्हणून पश्चिमेला मढपासून पूर्वेला आण्यापर्यंत लोक ओळखत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडत असे.

या कामात पहिला प्रश्न एकच असायचा: हे इंजिन कुठलं आणि कोणत्या सालचं? ते कळल्याशिवाय सुटा भाग मिळत नाही. मालकाला विचारून उपयोग नसे. दहांतले आठ जण म्हणत, "मिलिट्रीचं हाय." उरलेले दोघे म्हणत, "लई जुनं हाय." कंपनीची पितळी पट्टी कोणीतरी केव्हाच उचकटून नेलेली असे. राहता राहिला नंबर. प्रत्येक इंजिनाच्या अंगावर एके ठिकाणी लोखंड तासून हाताएवढी सपाट जागा केलेली असते आणि तिथं नंबर ठोकलेला असतो. तो वाचता आला की साल कळतं, देश कळतो. नंबर गेला असेल तर बाकीच्या अंगावरून ताडायचं. झडपा बाजूला आहेत की डोक्यावर, पाणी पंपाने फिरतं की आपसूक, प्लगची भोकं केवढी. आणि बोल्ट. विलायती बोल्टाला अमेरिकन पाना बसत नाही आणि अमेरिकन बोल्टाला विलायती पाना नीट धरत नाही. मी दोन्ही पाने खिशात ठेवून हिंडत असे आणि चारचौघांत ते काढून इंजिनाचा देश सांगत असे. वैद्य नाडी धरतो त्या थाटात.

या थाटाने माझं एकदा नुकसानही केलं होतं. आंबेगावातल्या लोणीला एक पैलवान गृहस्थ होते. त्यांच्या विहिरीवरचं इंजिन विमानाचं आहे अशी त्यांची ठाम समजूत होती, कारण विकणाऱ्याने तसं सांगितलं होतं. पाहुण्यांना ते मुद्दाम मळ्यात नेऊन दाखवत. मी गेलो, पाना लावला, नंबर पुसला, आणि त्यांच्या व्याह्यांसमोर सांगून मोकळा झालो की हे पाव पोहोचवणाऱ्या गाडीचं इंजिन आहे. पैलवानांनी मला पोटभर जेवू घातलं. नंतर दोन वर्षं बोलावलं नाही. मला मात्र घरी येईपर्यंत हसू आवरत नव्हतं.

तर आण्याची गोष्ट. गोकुळाष्टमी होऊन गेली होती. आण्याहून निरोप आला की हौसाबाईंची गिरणी बंद पडली आहे. हौसाबाईंना मी नावाने ओळखत होतो. त्यांचे मालक धोंडिबा पुण्यात ड्रायव्हर होते. लढाईनंतर त्यांनी एक जुनं इंजिन गावी आणून गिरणी टाकली. सहा-सात वर्षं चालवली आणि तापाच्या साथीत गेले. त्यांच्या मागे हौसाबाईंनी गिरणी बंद ठेवली नाही. नवरा हँडल कसं मारतो ते रोज पाहिलेलं होतं, तेवढ्यावर त्यांनी सगळं चालवलं. आणे हे गाव पठारावर. आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या बायका दळण घेऊन तिथं यायच्या. गिरणी नसली तर घरी जातं ओढायचं, नाहीतर घाट उतरून बेल्ह्याला जायचं आणि दिवस घालवायचा.

मी पोहोचलो तेव्हा हौसाबाई गिरणीच्या दारात बसून पट्ट्याला मेण लावत होत्या. चाळिशीच्या, सडपातळ, आवाज खणखणीत.

"आदी चा घ्या मिस्त्री, मंग बगा. ती कुटं पळून चालली न्हाई."

"ती कोण?"

"ती काय," म्हणून त्यांनी इंजिनाकडे मान हलवली. सगळं जग इंजिनाला 'ते' म्हणतं, त्या घरात 'ती' म्हणत. पुढं काही दिवसांनी मीही म्हणायला लागलो.

दुखणं शोधायला वेळ लागला नाही. हँडल फिरत होतं, पण झडपा हलत नव्हत्या. पुढचं झाकण काढलं तर आतून कोंड्यासारखा भुगा सांडला. इंजिनाच्या पुढच्या अंगाला एक मोठं दातेरी चाक असतं, ते झडपांची वेळ सांभाळतं. त्या काळच्या गाड्यांत ते आवाज कमी व्हावा म्हणून दाबलेल्या कापडाचं करत. फायबरचं चाक म्हणतो आम्ही. त्याचे दात पार झडून गेले होते. नवं चाक आणलं की काम झालं. अडचण एवढीच की या चाकाचे दात तिरके असतात, आणि कोणत्या कारखान्यातलं, कोणत्या सालचं, यावर तो तिरकेपणा बदलतो.

मागे हौसाबाईंचे दीर बबनराव येऊन उभे राहिले होते. भला माणूस, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायची घाई असे.

"मिस्त्री, उगं आशा लावू नगा," ते म्हणाले. "नगरचा भंगारवाला दिवाळीच्या पाडव्याला गाडी घेऊन येनार हाय. मी त्याला सांगून ठिवलंय. वैनी एकटी किती दिस हँडल मारनार? आमच्यात येऊन ऱ्हा म्हनलं, दोन घास खा."

"दोन घासांचं न्हाई भावजी," हौसाबाई पट्ट्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "तुमी द्याल, जाऊबाई वाढतील. पन मी रोज सकाळी उठून काय करू, ते सांगा."

शेवटी दोघांत ठरलं ते माझ्यासमोर ठरलं. दिवाळीपर्यंत इंजिन चालू झालं तर गिरणी राहील. नाही झालं तर पाडव्याला ते भंगारात जाईल आणि हौसाबाई दिराच्या घरी जातील.

मी नंबर बघायला वाकलो. डाव्या अंगाला, पाणी आत शिरतं त्या तोंडाच्या वर, सपाट जागा असते हे मला ठाऊक होतं. तिथं शेंदूर होता. साधा टिळा नव्हे. दसऱ्याला लावलेला, अवसेला लावलेला, तेलात कालवून थरावर थर चढलेला, इंजिनाच्या धगीने भाजून निघालेला दोन बोटं जाड शेंदूर. धोंडिबांनी पहिल्या दसऱ्याला पूजेसाठी जागा शोधली असणार, आणि सबंध इंजिनावर हाताएवढी सपाट जागा तेवढी एकच. नेमका नंबर देवाखाली गेला.

मी पिशवीतून खरवडणी काढली. हौसाबाईंनी माझं मनगट धरलं.

"तितं न्हाई."

मी मुसलमान माणूस, हातात लोखंडी हत्यार. मी हात मागे घेतला. पण त्यांच्या मनात ते नव्हतं.

"त्याच्याखाली त्यांचं बोट हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पयला टिळा त्यांनी लावलेला. त्याच्यावर मी लावत गेले. तेवढं सोडून तुमाला काय खोलायचं ते खोला. आन एक सांगा. हिचं माहेर कुटलं, हे कळंल का कधी? हे म्हनायचे, मोटारीच्या अड्ड्यावर घेतली. त्याच्या आदी ती कुनाची, कुटनं आली, त्यास्नीबी ठाव नव्हतं."

"माहेर आत्ता सांगतो," मी म्हणालो आणि खिशातून पाने काढले.

एव्हाना दारात गर्दी झाली होती. गर्दी असली की मी अधिक झोकात काम करायचो. इंजिनाच्या डोक्यावर चौदा बोल्ट होते. एकेकाला पाना लावला. चौदाच्या चौदा विलायती. या बनावटीचं इंजिन अमेरिकेतही व्हायचं आणि विलायतेतही. बाहेरून जुळ्या बहिणी, आतल्या चाकाच्या दातांत फरक. मी सरळ उभा राहिलो आणि जाहीर केलं, "विलायती हाय. तीस-एकतीस सालचं. नंबर नसला तरी माझं काय अडत न्हाई."

एक गोष्ट मात्र मी पाहिली होती आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. त्यातला एक बोल्ट सैल करून पुन्हा आवळताना तो अर्ध्या फेऱ्यात अडत होता. जागेवर नीट न बसणारा बोल्ट अडतो तसा. मी वर तेलाचे दोन थेंब सोडले आणि पुढं गेलो. त्या दोन थेंबांची मला आजही लाज वाटते.

मुंबईच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला मी पत्र टाकलं. स्वतः जायचीही तसदी घेतली नाही, इतकी खात्री. पार्सल यायला दसरा उजाडला. मी चाक घेऊन आण्याला गेलो तर हौसाबाईंनी बंद पडलेल्या इंजिनालाही झेंडूची माळ घातली होती आणि शेंदराचा नवा हात दिला होता. मी चाक लावून पाहिलं. दात दाताला भिडेना. तिरकेपणा वेगळा. उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं, शेवटी तेच चाक मांडीवर घेऊन बसून राहिलो. बबनराव दारात होते. त्यांनी ते चाक माझ्या मांडीवरून उचलून पिशवीत ठेवलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. परत जाताना लोणीचे पैलवान सारखे डोळ्यांसमोर येत होते.

व्यापाऱ्याचं उत्तर आलं: नंबर कळवा, तरच दुसरं पाठवू. मी फायबरच्या चाकाला भिडणारं लहान लोखंडी चाक काढून नमुना म्हणून न्यावं म्हटलं, पण ते दांड्यावर असं घट्ट बसवलेलं होतं की काढताना फुटलंच असतं. नंबराशिवाय गती नव्हती, आणि नंबर शेंदराखाली होता. मी हौसाबाईंना जसं आहे तसं सांगितलं. माझं अनुमान चुकलं, हेही सांगितलं.

हौसाबाई उठल्या. मग पदर खोचून गावच्या गुरवाला घेऊन आल्या. म्हातारे गुरवबाबा जवळ जाऊन त्या शेंदराला निरखत राहिले.

"देवाची शेंदराची खोळ आपन काडायची नसती," ते म्हणाले. "दगडाच्या देवाचीबी न्हाई. तिनंच टाकली तर घ्यायची आन वाहत्या पान्यात सोडायची. हाच कायदा."

"आन कवा टाकती ती?" बबनरावांनी विचारलं.

"तिच्या मनात येईल तवा."

"पाडव्याच्या आदी येईल का मनात?"

गुरवबाबा पुन्हा शेंदराकडे वळले. मी मात्र विचारात पडलो होतो. मी विचारलं, "बाबा, आंघोळ घालायला हरकत हाय का?"

"आंघुळीला कशाची हरकत?"

मग मी समजावून सांगितलं. इंजिनाच्या पोटात पाण्याची जागा असते. एरवी तिच्यात गार पाणी भरतात आणि ते हळूहळू तापतं. वरचा शेंदूर त्या उबेत तेलाने मऊ राहत आला. आता दोन-अडीच महिने इंजिन गार पडलंय, शेंदूर वाळून कडक झालाय. अशात पोटात एकदम उकळतं पाणी ओतलं तर लोखंड फुगेल, शेंदूर फुगणार नाही. मग कदाचित सुटेल. कदाचित म्हणालो, कारण या वेळी मला छाती पुढं काढायचं धाडस नव्हतं. आणि त्याच्यावर मी पाना, कानस, बोट काहीही लावणार नाही, हे वचन दिलं.

गुरवबाबांनी दाढी खाजवली. "सोताच्या पोटातली ऊब. तिनंच टाकली आसं व्हतंय. न्हाई काय वावगं."

"पन तेवढं पानी उकळायचं कुटं?" बबनराव म्हणाले. "चांगलं चार-पाच हंडे लागंल. आन एकदम पायजे."

यावर हौसाबाई पहिल्यांदा हसल्यासारख्या झाल्या. "नरकचतुर्दशीला घरोघर पानी तापलेलं असतंय की भावजी. घरटी एक तांब्या मागते."

मी आदल्या दिवशीच आण्याला मुक्कामाला गेलो. चतुर्दशीच्या पहाटे गिरणीसमोर काय दृश्य होतं ते मला नीट सांगता येणार नाही. अंधुक उजेड, गारठा, आणि वाफाळती भांडी घेऊन ओळीने चाललेल्या बायका. तांबे, तपेली, कोणाचा हंडा, एका म्हातारीचा नुसता लोटा. पोरांची अंगं उटणं लावून तशीच खोळंबलेली. आण्याला पाण्याचं दुर्भिक्ष. आंघोळीचं तापलेलं पाणी देणं म्हणजे काय, हे नदीकाठच्या माणसाला कळायचं नाही. हौसाबाईंनी इंजिनाला तेलाचं बोट लावलं, ओवाळलं, आणि मी नरसाळं लावून पहिला हंडा ओतला.

काही झालं नाही. दुसरा ओतला, खालून सोडून दिला, तिसरा ओतला. लोखंड हाताला चटका देऊ लागलं. शेंदूर जिथल्या तिथं. बायका कुजबुजू लागल्या. चौथ्या हंड्याला बबनराव स्वतः आले, घरचा बंब रिकामा करून. "वता मिस्त्री, आता आमी गार पान्यानं न्हाऊ," ते म्हणाले.

मी ओतलं. टक् असा बारीक आवाज झाला. शेंदराच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली, आणि मग सगळी खोळ सुटून खाली पसरलेल्या हौसाबाईंच्या पदरात पडली. अखंड, वाटीसारखी. गुरवबाबांनी हात जोडले. माझेही आपोआप छातीशी गेले.

मी फडक्याने जागा पुसली. शेंदराखाली लोखंड इतकं स्वच्छ राहिलं होतं की कारखान्यातून कालच आलं म्हणावं. नंबराच्या आधी एकच अक्षर. विलायती असतं तर दोन असती. म्हणजे अमेरिकन, एकोणतीस सालचं. मी तोंड उघडून सांगणार, तेवढ्यात मला नंबराच्या खाली तीन ठिपके दिसले. टोकदार पोगराने ठोकलेले, त्रिकोणात.

इथं थोडं मागं जावं लागेल. आमच्या उस्तादांचा नियम होता. गॅरेजात ज्याने इंजिन बांधलं त्याने नंबराजवळ आपली खूण ठोकायची. कोणाची चांदणी, कोणाची फुली. इंजिन तक्रार घेऊन परत आलं तर कोणाचा कान धरायचा हे उस्तादांना न विचारता कळे. त्रिकोणातले तीन ठिपके ही माझी खूण.

उभ्या उभ्या मला सगळं आठवलं. लढाईची वर्षं, एक भाड्याची टॅक्सी, अमेरिकन बोल्ट कुठंच मिळेनात. जुन्या बाजारातून मी विलायती बोल्ट आणले. आट्यांचं माप जवळपास सारखं, कोनात जरासा फरक. जोर लावला की बसत. चौदाच्या चौदा मी माझ्या हाताने जोर लावून बसवले होते. उस्ताद म्हणाले होते, "चालेल, पण शेजारी तसं ठोकून ठेव, पुढचा मिस्त्री फसेल." मी म्हटलं होतं, नंतर ठोकतो. पुढचा मिस्त्री मीच निघालो.

त्या वेळी मी बोललो नाही. सगळं गाव आनंदात होतं, आणि मला माझी अब्रू प्यारी होती. "अमेरिकन हाय, एकोनतीसचं. चाक कुटं मिळंल ते मला ठाऊक हाय," एवढंच म्हणालो. हौसाबाईंनी खोळ फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. "आमच्याकडं नदी न्हाई. तुमच्या कुकडीत सोडा." बबनराव म्हणाले, "भंगारवाल्याला मी बिजेपत्तुर थांबवतो. त्याच्यापुढं माझं चालायचं न्हाई."

जुन्नरला अब्बांनी ती खोळ हातात घेऊन पाहिली. आतल्या अंगाला नंबर आणि तीन ठिपके उलटे, उठावदार उमटले होते. नदीवर जाण्याआधी त्यांनी स्वतः केलेला कागद ओला करून त्यावर हलकेच दाबला, आणि नंबर कागदावर सुलटा उतरला. मग आम्ही दोघांनी जाऊन खोळ कुकडीत सोडली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी पुण्यात उस्तादांच्या दारात होतो. गॅरेज केव्हाच बंद झालं होतं. उस्ताद खाटेवर, डोळ्यांत मोतीबिंदू, पण माळ्यावर जुन्या सामानाचे डबे तसेच. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटाने ठिपके चाचपले.

"तीन नुक्ते," ते म्हणाले. "तेरा ही गुनाह है ये तो."

मी सगळं सांगितलं. ते खोकला लागेपर्यंत हसले. मग माळ्यावरून कोणता डबा काढायचा ते सांगितलं. फायबरचं चाक मेणकागदात गुंडाळलेलं, नवं कोरं होतं. मी निघालो तेव्हा त्यांनी आणखी एक पुडकं पुढं केलं. चौदा अमेरिकन बोल्ट. लढाई संपल्यावर आले होते, तोवर ती टॅक्सी कोणाच्या तरी हाती गेली होती.

"अब की बार सही लगा," उस्ताद म्हणाले.

भाऊबीजेला सकाळी मी आण्याला पोहोचलो तर अंगणात नगरची गाडी सोडलेली, बैल कडबा खात, आणि भंगारवाला विडी ओढत ओट्यावर. मी थेट गिरणीत शिरलो. झाकण काढलं, चाक लावलं. दात दाताला भिडले. झडपांची वेळ जुळवली, झाकण बंद केलं, पेट्रोल सोडलं आणि हँडलाकडे हात नेला. हौसाबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं.

पहिल्या फटक्याला नुसता उसासा निघाला. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला इंजिनाने एकदा खोकल्यासारखं केलं आणि धरलं. पत्रे थरथरले, पट्टा फिरला. बायका घरातून धावत सुटल्या. हौसाबाईंनी नव्या बाजरीचं पहिलं मापटं गिरणीच्या तोंडात ओतलं, आणि कोमट पीठ पडू लागलं तेव्हा त्यावर हात धरून त्या उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. भंगारवाल्याने थोडा वेळ बघितलं आणि बैल जुंपले.

दुपारी दळण आटोपलं, इंजिन थांबवलं. तेव्हा मी त्यांना आणि बबनरावांना खरं सांगितलं. ठिपके, टॅक्सी, बोल्ट, राहून गेलेली खूण. "दसऱ्यापत्तुर तुमचा सव्वा महिना माज्यामुळं गेला," मी म्हणालो. "मीच केलेलं मलाच वळखू आलं न्हाई."

बबनरावांनी कपाळाला हात लावला. हौसाबाई मात्र एकदम खळखळून हसल्या. मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"म्हंजे हिचं माहेर तुमच्यातच, आन तुमी ते गावभर शोधत फिरताय," त्या म्हणाल्या. मग आत गेल्या आणि तबक घेऊन आल्या. "बसा पाटावर. माहेरचं मानूस बिजेला आलंय, तसंच कसं जाऊ द्यायचं?"

मी बसलो. त्यांनी कुंकू लावलं, ओवाळलं. ओवाळणी टाकायची तर खिशात परतीच्या भाड्यापलीकडे काही नव्हतं. मी पुडकं सोडलं आणि चौदा बोल्ट तबकात ठेवले. त्यांनी त्यातला एक उचलून उजेडात धरला.

"हे हिचे?"

"हिचे."

"मंग बसवा की. आत्ताच बसवा."

जेवण बाजूला ठेवून आम्ही कामाला लागलो. मी एकेक विलायती बोल्ट काढत होतो, हौसाबाई तबकातला एकेक हातात देत होत्या. कुठलाच अर्ध्या फेऱ्यात अडला नाही.